पाजायला वेळ कोण देणार?

महाराष्ट्रात दवाखान्यातली बाळंतपणं वाढली आणि जन्मल्यावर तासाभरात आईच्या अंगाला लावलेल्या बाळांचं प्रमाण मात्र घसरलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ साली, राज्यातली ९०.३ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ती ९४.७ टक्क्यांवर गेली. त्याच काळात पहिल्या तासात आईचं दूध मिळालेल्या मुलांचं प्रमाण ५७.५ वरून ५३.२ टक्क्यांवर आलं. डॉक्टर, सिस्टर, वजनकाटा, सगळं हाताशी असताना हे घडलं. पाच वर्षांत आयांची माया काही आटली नसणार.

बाई किती महिने पाजते हा आपल्याकडे तिच्या स्वभावाचा मामला समजला जातो. पाजलं तर चांगली आई, लवकर तोडलं तर ‘हल्लीच्या मुली’. त्यामुळे उपायही बहुतेक समजावणीचेच असतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह येतो, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर फलक लागतो, आशाताई गल्लीतल्या बायका गोळा करते. सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरच्या खाण्यासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आता खेड्यातल्या सुनेच्याही कानावर गेलेली आहे. समजावणीचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. राज्यात सहा महिन्यांच्या आतल्या, निव्वळ अंगावर पिणाऱ्या मुलांचं प्रमाण त्याच पाच वर्षांत ५६.६ वरून ७१ टक्क्यांवर गेलं. पण हा आकडा नीट वाचायला हवा. सर्वेक्षणात कालच्या दिवस-रात्रीत बाळाला काय काय दिलं ते विचारतात, आणि त्यात आठ दिवसांचं बाळही असतं, साडेपाच महिन्यांचंही. कोवळ्या बाळांमध्ये हे प्रमाण चढं असतं, मग वय वाढेल तसं उतरत जातं. ७१ टक्के बाळं सहा महिने पुरे करतात, असा त्याचा अर्थ होत नाही. हे उतरणं कुठे सुरू होतं आणि कोण करवतं, इकडे आपलं लक्ष जायला हवं.

पहिली घसरण दवाखान्यातच होते. सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातलं सिझरचं प्रमाण २५.४ टक्क्यांवर गेलं होतं. देशभरातल्या खाजगी दवाखान्यांत तर ते ४७.४ टक्के होतं, म्हणजे जवळपास दर दुसरं बाळंतपण. पाठीत भूल दिलेली असेल तर आई शुद्धीत असते आणि टाके घालून होताच, कधी टाके घालतानाही, बाळ तिच्या छातीशी देता येतं. त्यासाठी बाळाला धरून अर्धा तास उभं राहणारी, हे शिकलेली एक सिस्टर लागते. लहान नर्सिंग होममध्ये एवढा वेळ मोकळी असलेली सिस्टर नसते. बाळ दुपट्यात गुंडाळून बाहेर आजी-आजोबांकडे जातं, फोटो निघतात, आई रिकव्हरीत. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, चमचा-दोन चमचे. बाळाची त्या वेळची गरजही तेवढीच असते. पण भेटायला आलेल्यांना ते थेंब दिसतात आणि खोलीत कुजबुज सुरू होते.

माझ्या भाचीच्या खोलीत ही कुजबुज मी ऐकली आहे. तिसरी रात्र, टाके ओढत होते, बाळ तासातासाला उठत होतं. तिच्या सासूबाई काळजीनेच म्हणाल्या, “अगं, ह्याचं पोट भरत नाहीये. बघ कशा मुठी चोखतोय.” भाची म्हणाली, “आई, डॉक्टर म्हणाले, नुसतं घेत राहा.” तेवढ्यात रात्रपाळीची सिस्टर डोकावली आणि सरळ म्हणाली, “एकदा पावडर देऊन बघा, तुम्हालाही झोप मिळेल.” त्या खोलीत कुणीही वाईट नव्हतं. तरी दहा मिनिटांत खालच्या मेडिकलमधून डबा आला, आणि पहाटे बाळ गाढ झोपलं तेव्हा सगळ्यांची खात्री पटली की तिला दूधच नाही.

‘दूध पुरत नाही’ हे लवकर तोडण्याचं जगभरात सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं कारण आहे. खरोखर दूध कमी असणाऱ्या आया असतात, त्यांना डॉक्टरी मदत हवी आणि गरज पडली तर डबाही हवा. पण बहुतेकींची अडचण वेगळी असते. दूध ओढलं जातं तसं तयार होतं. बाटलीने पोट भरलेलं बाळ अंगावर कमी ओढतं, कमी ओढलं की कमी बनतं, आणि पंधरा दिवसांनी घरच्यांची भीती खरी होऊन बसते. बाळाला पुरतंय की नाही हे ओळखायच्या खुणा साध्या आहेत. पहिला आठवडा सरल्यावर दिवसात सहा किंवा जास्त वेळा शू, आणि सुरुवातीला घटलेलं वजन दोन आठवड्यांच्या आत भरून येणं. एवढं सांगणारं कुणीतरी तिसऱ्या रात्री त्या खोलीत हवं होतं. डिस्चार्ज कार्डावर छापलेलं वाक्य त्या वेळी कामाला येत नाही.

घराबद्दल बोलताना मला दोन्ही बाजू धरून बोलावं लागतं. आपल्याकडची बाळंतिणीची रीत अनेक ठिकाणी चुकली. चीक पिळून टाकला, पहिलं बोट मधाचं लावलं (वर्षाच्या आत मध देणं धोक्याचं आहे), सहाणेवर गुटी उगाळून महिन्याभराच्या बाळाला चाटवली, उन्हाळा आहे म्हणून पाणी पाजलं. पण त्याच रितीत एक शहाणपण होतं, त्याची किंमत आपल्याला आत्ता कळते. पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना बाईने अंगाला मालिश करून घ्यायची, शेक घ्यायचा, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू खायचे आणि बाळाला घेऊन पडून राहायचं. चूल, पाणी, धुणं दुसरं कुणीतरी करत होतं. अळिवाने दूध किती वाढतं यावर वाद घाला. आईच्या हातातलं काम काढून घेतल्याने ते नक्की वाढतं, कारण बाळ मागेल तेव्हा, दिवसातून आठ-दहा-बारा वेळा, ती पाजू शकते. माहेरपण ही बाईला समाजाने दिलेली रजाच होती. आईच नोकरी करत असेल, माहेरचं घर दोन खोल्यांचं असेल, तर ती रजा वीस दिवसांत संपते. त्या जागी दुसरं काही आपण उभं केलेलं नाही. नवऱ्याला तर रजाच नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत पितृत्व रजा पंधरा दिवसांची आहे, खाजगी नोकरीत कायद्याने एका दिवसाचीही नाही.

आणखी एक कारण घरातच दडलेलं आहे, ते बोलायला जड जातं. सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को या दोन अर्थशास्त्रज्ञांनी याच सर्वेक्षणाची आकडेवारी तपासून २०११ साली दाखवून दिलं की भारतात मुलींना मुलग्यांपेक्षा कमी काळ पाजलं जातं. मुलीवर माया कमी असते म्हणून, एवढं सोपं ते नाही. बाळ अंगावर असेपर्यंत पुन्हा दिवस राहणं लांबतं. मुलगी झाली, मुलगा अजून हवाय, तर दूध लवकर तोडलं जातं. मुलगा झाल्यावर ही घाई उरत नाही. म्हणजे एखाद्या मुलीच्या वाट्याचं सातव्या-आठव्या महिन्याचं दूध तिच्या अजून न झालेल्या भावाच्या नावे जातं. स्तनपान सप्ताहाच्या फलकांवर हे कधी येत नाही. मुलींचं प्रमाण ज्या जिल्ह्यांत घसरलं तिथे तरी यायला हवं.

माया हे कारण धरलं तर आणखी एक गोष्ट उलगडत नाही. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुखवस्तू, शहरी घरांतल्या आया कमी काळ पाजतात आणि गरीब आया जास्त काळ. श्रीमंत देशांत नेमकं उलटं आहे, तिथे शिकलेल्या, बऱ्या पगाराच्या बायका जास्त काळ पाजतात. त्यांना भरपगारी रजा मिळते, पंप परवडतो, बंद खोलीचं ऑफिस असतं. आपल्याकडे शिकलेल्या बाईला नोकरी मिळाली, पण त्या नोकरीने बाळाची जागा केली नाही. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने आजही भरपगारी बाळंतपणाची रजा नाही. तिथे गेलेल्या मराठी मुलींच्या आया आणि सासवा पाळीपाळीने व्हिसा काढून जातात, ती रजा त्या भरून काढतात.

कायद्याकडे येऊ. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांसाठी. ही मोठी मजल होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण या तरतुदी तशाच राहिल्या. पण यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं आणि ते आठ आठवडे आधीच वापरले, तर बाळ झाल्यावर उरतात अठरा. चार महिने आणि काही दिवस. म्हणजे कायदा मोडलेला नसताना सहा महिन्यांची शिफारस मोडली. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता यायला हवं, हेही त्यात आहे. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी कामाच्या वेळात रोज दोन जादा मधल्या सुट्या, हे तर १९६१ पासून आहे. मी नोकरी करणाऱ्या ज्या ज्या बाईला हे सांगितलं, तिने पहिल्यांदाच ऐकलं. भाचीच्या कंपनीने तिला पाळणाघराच्या नावाने दुसऱ्या उपनगरातल्या एका केंद्राच्या फीत सवलत दिली. बाळ ऑफिसपासून पाऊण तासावर, तिथे चारदा कोण जाणार? दुपारी दोनपर्यंत छाती दगडासारखी व्हायची. स्टेशनरीच्या खोलीत, दाराला खुर्ची लावून, ती दूध काढायची. कँटीनच्या फ्रिजमध्ये ठेवायची लाज वाटायची म्हणून बरेचदा ते बेसिनमध्ये ओतून द्यायची. नवव्या महिन्यात तिने सोडलं. लोक म्हणाले, नोकरीपायी तोडलं.

हिरकणीची गोष्ट आपण मुलांना सांगतो. दूध विकायला गडावर गेलेली गवळण, दरवाजे बंद झालेले, घरी तान्हं बाळ, आणि ती रात्रीच्या अंधारात कडा उतरून गेली. रायगडावर तिच्या नावाचा बुरूज आहे. तिच्या धाडसाचं कौतुक करताना दरवाजा उघडून तिला सोडायला काय हरकत होती, असं आपण फारसं विचारत नाही. एसटी स्थानकांवर तिच्या नावाचे कक्ष झाले ते चांगलंच झालं. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनात हिरकणी कक्ष झाला. पुढच्याच अधिवेशनात मुंबईत त्यांना तो धुळीत, गैरसोयीत सापडला आणि त्यांनी तसं उघड सांगितलं. आमदाराची ही अवस्था, तर तालुक्याच्या स्टँडवरच्या कक्षाला कुलूप असेल यात नवल नाही. पण हा कक्ष चकचकीत असला तरी तो जागा देतो. कामावरून वीस मिनिटं सुटायची परवानगी कक्षाच्या भिंती देत नाहीत, आणि त्या वीस मिनिटांची मजुरी तर नाहीच नाही.

मजुरीचा प्रश्न सगळ्यात उघडा दिसतो तो उसाच्या फडात. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून दरवर्षी टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि ती कोयत्यावर असते, त्यामुळे बाई बाळंत झाली तरी अर्धा कोयता बसून चालत नाही. खाडा पडला की पैसे कापले जातात. पहाटे अंधारात तोड सुरू होते. बाळ बांधावर, नाहीतर गाडीच्या सावलीत साडीच्या झोळीत असतं आणि त्याच्यापाशी पाच-सहा वर्षांची बहीण. ऊस तोडायचा, साळायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची, आणि दोन खेपांच्या मधे बाळ जागं असेल तर पाजायचं. पाणी कमी, खाणं सकाळची भाकरी. ही बाई दोन वर्षंही पाजते, कारण दुसरं काही विकत घ्यायची ऐपत नाही. म्हणून काळ मोजून समाधान मानणाऱ्यांना मला सांगायचं आहे की इथे काळ लांब आहे आणि आई झिजते आहे. देशातल्या कामकरी बायकांपैकी बहुसंख्य या अशाच असंघटित कामात आहेत. २६ आठवडे त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. रोजंदारीवरच्या बायकांनाही मातृत्वाचा लाभ मिळायला हवा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या मजूर बायकांच्या खटल्यात २००० साली दिला होता. २००५च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच लहान मुलं असली की त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची तरतूद होती. पण अशा सांभाळणारीची नेमणूक झालेली कामं शोधावी लागतात.

या बायकांसाठी सरकार देतं ते पंतप्रधान मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये, पहिल्या मुलासाठी. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर सहा हजार. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर प्रत्येक आईला किमान सहा हजारांचा शब्द दिला होता. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. त्या दराने पाच हजार म्हणजे सतरा दिवसांची मजुरी. सहा महिने निव्वळ पाजायला सांगायचं आणि सतरा दिवसांचे पैसे द्यायचे, तेही हप्त्यांत, तेही कागद पुरे झाले तर. तमिळनाडू याच काळासाठी मुथुलक्ष्मी रेड्डी योजनेत अठरा हजारांची मदत देतं, त्यात रोख आणि वस्तू दोन्ही आल्या. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था तमिळनाडूपेक्षा मोठी आहे.

बाजाराबद्दल थोडक्यात, कारण तिथे कायदा चांगला आहे. १९९२चा बालदुग्धपर्याय कायदा, २००३च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांखालच्या मुलांच्या डब्याची जाहिरात, डॉक्टरांना भेटी, परिषदांना पैसे, डब्यावर गोंडस बाळाचं चित्र, हे सगळं बंद करतो. त्यामागे मुंबई-वर्ध्याच्या माणसांचा हात होता याचा मला अभिमान आहे. मुंबईत डॉ. आर. के. आनंद आणि ‘अकॅश’ ही संस्था यासाठी झगडली, देशातल्या स्तनपान प्रसाराचं जाळं १९९१ साली वर्ध्यात स्थापन झालं, आणि त्याआधी १९८९ साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उघडली. आज जाहिरात टीव्हीवर नाही, मोबाइलवर आहे. पहाटे तीनला जागी असलेली आई फोन उघडते तेव्हा तिला एखादी हसरी ‘ताई’ डब्याचा अनुभव सांगताना भेटते. तक्रार कुणाकडे करायची हे त्या आईला ठाऊक नसतं.

या सगळ्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की पूर्वीच्या बायका राबून पाजतच होत्या. होत्या, कारण बाळ बांधावर त्यांच्या नजरेसमोर होतं, त्यांना कुणी गेटवर कार्ड दाखवायला लावत नव्हतं. आणि त्या काळी किती बाळं वर्षाच्या आत गेली, हे त्याच आज्या सांगतील. दुसरा आक्षेप मी जास्त गंभीरपणे घेते. रजा वाढवाल तर मालक बायकांना कामावरच ठेवणार नाहीत. हे होतंय. मुलाखतीत ‘लग्न कधी?’ हा प्रश्न येतो तो यामुळेच. कामगार राज्य विमा योजना (ईएसआय) लागू नसेल तिथे २६ आठवड्यांचा पूर्ण पगार एकट्या मालकाच्या अंगावर पडतो. जगात इतरत्र हा खर्च सामाजिक विम्यातून, सगळ्यांच्या वर्गणीतून निघतो. आपणही तो तसाच काढायला हवा, पुरुष कामगारांच्या वर्गणीसकट, म्हणजे बाई महाग आणि पुरुष स्वस्त हा हिशेब उरणार नाही. आणि पाजणं जिला नको किंवा जमत नाही, तिला कुणी जाब विचारू नये. वेळ मिळूनही ती थांबली तर तो तिचा निर्णय आहे. वेळच न मिळाल्याने थांबली तर तिने काही ठरवलेलं नसतं.

ब्राझीलमध्ये १९७०च्या दशकात आया सरासरी अडीच महिने पाजत होत्या. तीस-पस्तीस वर्षांत तो काळ वर्षाच्या आसपास गेला. तिथे भरपगारी रजा वाढली, डब्याच्या विक्रीवर कडक नजर आली, दुग्धपेढ्यांचं जाळं झालं, आणि काही भागांत तर टपाल वाटणाऱ्या पोस्टमनना प्रशिक्षण देऊन घरोघरच्या नव्या आयांशी बोलायला लावलं. एकट्या फलकाने तिथेही काही झालं नाही.

महाराष्ट्रात सुरुवात फडापासून करता येईल. उसाच्या गाळपावर टनामागे वर्गणी घेऊन ऊसतोड कामगारांसाठी पैसा उभा करायचा, हे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या वेळीच ठरलेलं आहे. त्यातून बाळंत झालेल्या बाईच्या अर्ध्या कोयत्याची सहा महिन्यांची मजुरी थेट तिच्या खात्यात द्यावी आणि उचलीतून एक रुपया कापता येऊ नये. प्रत्येक प्रसूतिगृहाच्या नोंदणीला, खाजगीच्याही, दूध पाजायला शिकवणारी एक प्रशिक्षित बाई रात्रपाळीसह असण्याची अट घालावी. बाळंतपणाआधी घेतलेली रजा नंतरच्या २६ आठवड्यांतून वजा होऊ नये. आणि कामगार खात्याचा निरीक्षक कंपनीत जातो तेव्हा ‘पाळणाघर आहे का’ एवढं विचारून त्याने परतू नये. ते कामाच्या जागेपासून किती मिनिटांवर आहे आणि काल किती आया तिथे येऊन पाजून गेल्या, हे दोन रकाने त्याच्या फॉर्मवर हवेत, आणि ते भरताना त्याने तिथल्या आयांशी बोललेलं असावं.